मतदानाआधीच लागणारा निकाल : संस्था, सभासद आणि वादग्रस्त मतं

आजचा विषय दिसायला कोरडा आहे, पण इथे बसलेल्या आणि पडद्यावरून ऐकणाऱ्या बहुतेकांच्या घरापर्यंत तो पोचतो. तुम्ही एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सभासद असाल, पतसंस्थेचे असाल, गावातल्या वाचनालयाचे, नाट्यसंस्थेचे, व्यायामशाळेचे किंवा ज्ञातीमंडळाचे असाल. आमदार-खासदार निवडायला आपण पाच वर्षांतून एकदा रांगेत उभे राहतो. पण आपल्या इमारतीची गळती कोण काढणार, आपली ठेव कोणाच्या सहीने कर्जाऊ जाणार, वाचनालयाची जागा बिल्डरला द्यायची की नाही, हे ठरतं ते संस्थेच्या मतदानात. तिथे वाद झाला की आपण पटकन म्हणतो, 'मोजणीत गडबड केली.' माझं आज एवढंच म्हणणं आहे की संस्थेतला खरा वाद मोजणीचा क्वचितच असतो. तो मतदार कोण, याचा असतो. आणि तो प्रश्न मतदानाच्या दिवसाच्या फार आधी, सभासद नोंदवहीत सुटलेला असतो. त्या वेळी आपलं लक्ष नसेल तर नंतर फार थोडं हातात उरतं.

संस्थेतलं मत येतं कुठून?

देशाच्या निवडणुकीत वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली, मतदार यादीत नाव आलं, की आपण मतदार. संस्थेत तसं नाही. मुळात निवडून देण्याचा अधिकार हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली लोकसभेच्या निवडणुकीबद्दलसुद्धा सांगितलं. मग संस्थेबद्दल तर बोलायलाच नको. १९८५ साली याच न्यायालयाने सहकारी संस्थांबद्दल आणखी स्पष्ट केलं : माणूस सहकारी संस्थेचा सभासद झाला की संस्थेच्या कामात त्याला तेवढेच हक्क, जेवढे कायदा आणि पोटनियम देतात.

म्हणजे तुमचं मत तीन गोष्टींवर उभं असतं. एक, ज्या कायद्याखाली संस्था नोंदली आहे तो कायदा. दोन, संस्थेची घटना किंवा पोटनियम. आणि तीन, सभासद नोंदवही. यातली तिसरी गोष्ट संस्थेच्या कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली सत्तेवर असलेल्या मंडळींकडे असते. सगळी गोम इथे आहे.

आता कायदा कोणता, हे आधी बघा. आपल्याकडची वाचनालयं, साहित्यसंस्था, क्रीडामंडळं बहुतेक करून संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली असतात, आणि महाराष्ट्रात त्या सोबतच सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेल्या असतात. त्या १८६० च्या कायद्याचं पंधरावं कलम सभासद कोण ते सांगतं : ज्याला नियमाप्रमाणे प्रवेश दिला, ज्याने वर्गणी भरली किंवा सभासदांच्या यादीवर सही केली, आणि ज्याने राजीनामा दिला नाही, तो. आणि पुढे एक अट आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत नाही, आणि त्याला सभासद म्हणून मोजायचंही नाही. दीडशे वर्षांहून जुनी ही ओळ आजही निवडणुका फिरवते.

गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात. त्याचं सत्ताविसावं कलम वाचून ठेवण्यासारखं आहे. एका सभासदाला एकच मत. ते त्याने स्वतः द्यायचं, दुसऱ्याकरवी नाही. समान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत. आणि भाग संयुक्त नावावर असेल तर दाखल्यावर ज्याचं नाव पहिलं त्याला मत. तो हजर नसेल तर दुसऱ्या नावाच्या माणसाला.

एक माणूस एक मत, पण माणूस म्हणजे कोण?

एक सभासद एक मत हे तत्त्व सहकाराचा कणा आहे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात विणकर आणि इतर कामगारांनी मिळून एक दुकान काढलं, त्यांनी ते पाळलं. कोणाचे भाग किती, हे मताच्या वेळी बघायचं नाही. कंपनीत उलट असतं : भाग जास्त, मत जास्त, आणि स्वतः न जाता प्रतिनिधी पाठवायचीही सोय. म्हणून आपल्या संस्थेत कोणी म्हणालं की 'माझा फ्लॅट मोठा, मी देखभाल खर्च जास्त भरतो, मग माझं मत जास्त हवं', तर त्याला सांगायचं की तू कंपनीत नाहीस.

पण सभासद व्यक्ती नसून संस्था असल्या की हे तत्त्व अडतं. क्रिकेट नियामक मंडळाचं उदाहरण घ्या. मंडळ ही तमिळनाडूत नोंदलेली एक सोसायटी, आणि तिचे सभासद म्हणजे राज्यांच्या संघटना. महाराष्ट्र राज्यातून तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातमधूनही तीन : गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये सुचवलं, एका राज्याला एकच मत. तिघांनी ते आळीपाळीने वापरावं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ ला ते मान्य केलं. म्हणजे रणजी करंडक चाळीसहून जास्त वेळा जिंकलेल्या मुंबईला दरवर्षी मत नाही. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट २०१८ ला, न्यायालयाने हा भाग बदलला आणि या संघटनांचं पूर्ण सभासदत्व परत दिलं. दोन्ही बाजूंना तर्क होता. एक बाजू म्हणत होती, एका राज्याला तीन मतं आणि दुसऱ्याला एक, हे समान कसं? दुसरी म्हणत होती, आम्ही ही संस्था उभी केली, आमचं सभासदत्व बाहेरून कसं काढता? बघा, इथे एकाही मतपत्रिकेवर वाद नव्हता. वाद मोजायचं एकक काय, यावर होता.

जवळचं उदाहरण साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचं. वर्षानुवर्षं ती निवडणूक घटक संस्थांनी दिलेल्या सुमारे हजारभर मतदारांवर चालायची. मराठी वाचणारे कोट्यवधी, मतदार हजार. त्यामुळे दरवेळी चर्चा उमेदवाराच्या लेखनापेक्षा यादीत कोण आहे याचीच व्हायची. २०१८ मध्ये महामंडळाने घटना बदलली, निवडणूकच काढून टाकली, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. वाद टळला, हे खरं. पण 'ठरवणारे कोण?' हा प्रश्न हजारांकडून काही मोजक्यांकडे सरकला, तो संपला नाही.

यादी कशी बदलते

आता मुख्य मुद्दा. ज्याला निवडणूक आधीच जिंकायची आहे, तो यादीत चार गोष्टी करू शकतो.

पहिली, भरती. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या माणसांची वर्गणी एकगठ्ठा भरायची आणि दोनशे नवे सभासद करायचे. यावर सहकार कायद्यात उपाय आहे : गृहनिर्माण संस्थांसारखे अपवाद सोडले तर नव्या सभासदाला पहिली दोन वर्षं मत नाही. सोसायटी कायद्याखालच्या संस्थांत असा सरसकट नियम नाही. तिथे आपल्या घटनेतच 'अमुक तारखेपर्यंत सभासद झालेलेच मतदार' अशी ओळ हवी. नसेल तर भर सभेत मागून घ्या, पण निवडणूक लांब असताना.

दुसरी, नाकाबंदी. विरोधातल्या माणसाचा अर्ज घ्यायचा आणि त्यावर बसून राहायचं. सहकारात यालाही उत्तर आहे. अर्जावर तीन महिन्यांत काही कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं कायदा धरतो. पण हे सिद्ध कशाने होणार? अर्जाच्या पोचेने. पोच नसेल तर कायदा बरोबर असूनही तुम्ही कोरडेच.

तिसरी, थकबाकी. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी. वर्गणी घ्यायला माणूस जागेवर नसतो, पावतीपुस्तक संपलेलं असतं, आणि नंतर यादीत नावापुढे 'थकबाकीदार' लागतं. किंवा माणूस सभासद राहतो, पण मतदार राहत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात क्रियाशील आणि अक्रियाशील असा भेद आणला : पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजेरी, आणि संस्थेच्या सेवांचा ठरलेला किमान वापर. पुढे या तरतुदींत फेरफार झाले, म्हणून आपल्या निवडणुकीच्या वेळी लागू असलेला मजकूरच बघायचा. पण तत्त्व लक्षात घ्या. हजेरीपटावरची सही हा आता केवळ शिष्टाचार नाही. चहा-बिस्कीट घेऊन सही न करता घरी आलात, तर कागदावर तुम्ही गेलाच नव्हता.

चौथी, हकालपट्टी. इथे न्यायालयं सगळ्यात काटेकोर आहेत. बेळगावच्या एका फ्रीमेसन लॉजमधून एका सभासदाला काढलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६२ साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं, सभासद होताना माणूस संस्थेचे नियम मान्य करतो, म्हणून नियमाप्रमाणे काढता येतं. पण नियम काटेकोर पाळले पाहिजेत, हेतू प्रामाणिक हवा, आणि त्याला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. त्या प्रकरणात लॉजचीच बाजू उचलून धरली गेली, कारण ही पथ्यं पाळली होती. आपल्या सहकार कायद्यात सभासदाला काढायचं तर सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात आणि निबंधकांची मान्यताही लागते.

आणि यादी बाहेरून, सरकारने बदलली तर? प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनासाठी संसदेने १९६२ मध्ये कायदा केला आणि जुन्या सभासदांना न विचारता नवे लोक सभासद म्हणून आणायची वाट उघडली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. संघटना करायच्या स्वातंत्र्यात, आपण कोणाबरोबर संघटना करतो हे ठरवायचं स्वातंत्र्य येतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे यादी ही कारकुनी बाब नाही. न्यायालयाने ती थेट राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाशी जोडली आहे.

मतदानाच्या दिवशी

समजा यादी पक्की झाली, तरी दारात वाद होतातच. 'हा माणूस तो नाहीच.' 'याने कालच थकबाकी भरली, चालेल का?' 'माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं.' अशा वेळी आपल्या संस्थांत काय होतं? आवाज चढतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

सार्वजनिक निवडणुकीत यासाठी जुनी आणि शहाणी व्यवस्था आहे. मतदाराच्या ओळखीवर हरकत घ्यायची तर दोन रुपये भरून घेता येते आणि मतदान केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे निर्णय देतो. तुमच्या नावावर आधीच मत पडलेलं असेल, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती पेटीत जात नाही, वेगळ्या पाकिटात राहते, मोजणीत धरली जात नाही. पण पुढे न्यायालयाला लागली तर ती जिवंत असते. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

यातून संस्थांनी एक साधी गोष्ट उचलावी. वादग्रस्त मत पेटीत टाकू नका. एकदा पेटीत गेलं की ते कोणाचं, हे देवालाही शोधता येत नाही, आणि गुप्त मतदानात ते तसंच हवं. ते मत आतल्या कोऱ्या पाकिटात घालायचं, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर नाव आणि हरकतीचं कारण लिहायचं. मोजणीच्या आधी बाहेरच्या पाकिटावरून निर्णय द्यायचा. मान्य झालं, तर आतलं पाकीट इतर मतांत मिसळायचं. अमान्य, तर न उघडता सीलबंद ठेवायचं. निकाल कळण्याच्या आधी दिलेला निर्णय लोक मान्य करतात. निकाल कळल्यावर तोच निर्णय दिला, की तो पक्षपात वाटतो.

मोजणीनंतरचं गणित

आता समजा एका वाचनालयात ४१२ मतं पडली. कार्यवाहपदाला एकाला २०९, दुसऱ्याला २०३. फरक सहा. नंतर कळलं की नऊ जणांची वर्गणी सहा महिने थकली होती, तरी त्यांनी मत दिलं. ही नऊ मतं कोणाला गेली ते माहीत नाही. पण नऊ ही संख्या सहापेक्षा मोठी आहे. सगळी विजेत्याला गेली असतील तर तो २०० वर येतो आणि हरतो. म्हणून निकाल संशयात. त्याच सभेत अध्यक्षपदाचा फरक चाळीस असेल, तर त्याच नऊ मतांनी काही बिघडत नाही. एकाच दिवसाच्या, एकाच पेटीतल्या मतदानात एक पद टिकतं, दुसरं टिकत नाही. नुसती चूक दाखवून निवडणूक रद्द होत नाही. त्या चुकीचा निकालावर परिणाम होऊ शकतो, हे दाखवावं लागतं. भांडायला निघण्याआधी हे गणित घरी कागदावर करा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि वेळेचं काय? २००१ साली महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध उत्पादक संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मतदार यादी तयार करणं हा निवडणूक प्रक्रियेचाच टप्पा आहे. प्रक्रिया सुरू झाली की उच्च न्यायालयाने मध्ये पडू नये. दाद मागायची ती निकालानंतर, निवडणूक वाद म्हणून. याचा व्यवहारात अर्थ काय? यादीतून नाव गेलं, तर प्रारूप यादीवर हरकतीची जी चार-दोन दिवसांची मुदत असते, तीच तुमची खरी संधी. ती चुकली, की मतदान तुमच्याशिवाय होणार आणि तुम्ही पुढे कित्येक महिने तारखा घेणार.

न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांत तर आणखी बिकट. निवडणूक झाली की नव्या कार्यकारिणीने नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. वाद असला की दोन गट, दोन सभा, दोन इतिवृत्तं आणि दोन चेंज रिपोर्ट. चौकशी चालू राहते, पुढची निवडणूक येते, तिचेही दोन चेंज रिपोर्ट. दरम्यान बँक विचारते, सही कोणाची चालवायची? शिपायाचा पगार अडतो, पुस्तकखरेदी थांबते, जागेचं भाडं थकतं. मत कोणाचं खरं, या भांडणात संस्थाच वाळून जाते. आपल्या गावात अशी एखादी कुलूपबंद संस्था प्रत्येकाला आठवत असेल.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : मुलगा परदेशात आहे, फ्लॅट त्याच्या नावावर आहे, माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे. मी मत देऊ शकतो का?*

मुखत्यारपत्राने तुम्ही त्याचे व्यवहार बघू शकता, पण सभासद होत नाही, आणि सहकारात मत दुसऱ्याकरवी चालत नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये कायद्यात स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात जवळच्या नातलगाला रीतसर सहयोगी सदस्य करून घ्यायची सोय आहे. ते काम निवडणूक जाहीर होण्याआधी करा.

*प्रश्न : सभासद नोंदवही दाखवतच नाहीत. म्हणतात, गोपनीय आहे.*

गोपनीय नाही. सहकार कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने सभासदाला ती कार्यालयीन वेळेत विनामूल्य बघता येते, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तंही बघता येतात. तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

*प्रश्न : आमच्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' असा आवाज होतो आणि विषय संपतो. नामंजूर म्हणणारे जास्त असले तरी.*

आवाज मोजता येत नाही, हात मोजता येतात. त्याच क्षणी उभं राहून मतमोजणी मागा, आणि मागणी केली होती हे इतिवृत्तात लिहायला सांगा. लिहिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पत्र द्या. सभेत गप्प राहून घरी येऊन तक्रार केली तर ती फार दुबळी होते.

*प्रश्न : एवढं सगळं करायला सामान्य सभासदाकडे वेळ कुठे आहे?*

वर्षातून एक दिवस पुरतो. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. त्याच्या आसपास एकदा कार्यालयात जा. नोंदवहीत आपलं नाव, पत्ता, संयुक्त नावांचा क्रम बघा. वर्गणी किंवा देखभाल भरल्याची पावती फाईलला लावा. सभेला जा, सही करा. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचं नावही बघून या, कारण त्यांना जिने उतरवत नाहीत आणि यादीतून सगळ्यात आधी गळतात ती अशीच नावं. निवडणूक दोन-तीन वर्षं लांब असताना हे केलं, तर कोणी तुमच्याकडे संशयाने बघत नाही, आणि दुरुस्ती एका अर्जात होते. तीच दुरुस्ती मतदानाच्या आदल्या दिवशी मागितली, तर वकील लागतो.